शोधा, बदला आणि पडताळा
(बी. कॉम., द्वितीय वर्ष)

रोजकीर्दीत एखादी नोंद चुकली तर जाणता लेखनिक ती ब्लेडने खरवडून काढीत नाही. चुकीच्या आकड्यावर आडवी रेघ मारतो, शेजारी बरोबर आकडा लिहितो आणि सही करतो. नाहीतर दुरुस्तीची स्वतंत्र नोंद घालतो. पहिला आकडा काय होता हे पुढे तपासनिसाला दिसले पाहिजे, हा त्यामागचा हेतू. संगणकात मात्र 'शोधा आणि बदला' ही आज्ञा दिली की हजार ठिकाणचा मजकूर क्षणार्धात बदलतो आणि खाडाखोड कोठेच दिसत नाही. काम सोपे झाले खरे, पण जबाबदारी वाढली. प्रस्तुत लेख याच आज्ञेविषयी आहे.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने या विषयात का शिरावे, असे काहींना वाटेल. परंतु आज सभासदांच्या याद्या, पावत्या, खातेवह्या, शिष्यवृत्तीचे अर्ज सारे संगणकात आहे, आणि ते हाताळणारे बहुतेक जण आपल्यासारखेच पदवीधर असतात. संगणकशास्त्राची पुस्तके इंग्रजी आणि त्यांतली उदाहरणे रोमन लिपीतली. रोमन लिपीत बिनबोभाट चालणारी आज्ञा देवनागरीत किंवा कन्नडमध्ये का अडखळते, हे त्यांत सहसा सापडत नाही.

आकृती नव्हे, आकडा

आपण अक्षर पाहतो ते आकृती म्हणून. संगणकाला आकृती ठाऊक नाही. त्याच्याजवळ प्रत्येक अक्षराचा एक अनुक्रमांक असतो. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या ॲस्की संकेतात अशा १२८ जागा होत्या. त्यांत रोमन अक्षरे, अंक व विरामचिन्हे बसली; आपल्या लिपींना जागा नव्हती. मग आपल्याकडे दोन वाटा निघाल्या. एक वाट फॉन्टची : रोमन अक्षराच्याच जागेवर मराठी आकृती चढवायची. छापील कागदावर मराठी उमटते, पण आत साठवलेले असते रोमन. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तोच मजकूर उघडला की अर्थहीन रोमन अक्षरांची रांग दिसते. दुसरी वाट प्रमाण संकेताची : भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली 'इस्की' हा भारतीय लिपींचा संकेत मान्य केला. त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली आणि भारतीय लिपींची मांडणी तिने इस्कीच्या १९८८ च्या मसुद्यावरून घेतली.

युनिकोडमध्ये देवनागरीला २३०४ पासून २४३१ पर्यंत १२८ जागा आहेत. 'क' चा क्रमांक २३२५, 'र' चा २३५२, 'ळ' चा २३५५. काना, मात्रा, वेलांटी, उकार यांनाही प्रत्येकी स्वतंत्र क्रमांक आहे आणि पाय मोडण्याच्या चिन्हालाही आहे : २३८१. म्हणजे आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते संगणकाच्या लेखी दोन, तीन किंवा चार नोंदींचे असू शकते. 'शोधा' म्हटले की तो या क्रमांकांची रांग जुळवून पाहतो. रांग जुळली तर सापडले, नाही तर नाही; दोन्ही शब्द डोळ्यांना एकच दिसत असले तरी!

एक नाव, तीन नोंदी

आपल्या मराठीत साधा रफार आणि अर्धा 'ऱ' असे दोन प्रकार आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरांमधल्या. 'आचार्यांना' नमस्कार करावा आणि 'आचाऱ्यांना' स्वयंपाकाचे साहित्य द्यावे. फरक एवढ्याशा रेघेचा, पण अर्थ पार बदलतो.

हा अर्धा 'ऱ' संगणकात तीन प्रकारे साठवता येतो. पहिला प्रकार : 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर, क्रमांक २३५३, आणि त्यापुढे पाय मोडण्याचे चिन्ह. दुसरा : साधा 'र', त्याखाली नुक्ता, क्रमांक २३६४, आणि मग पायमोड. तिसरा : साधा 'र', पायमोड, आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, क्रमांक ८२०५. या चिन्हाला रुंदीच नाही. ते कागदावर दिसत नाही, पडद्यावर दिसत नाही. 'मागचे अक्षर अर्धे दाखव' एवढेच ते सांगते.

'कुऱ्हाडे' हे आडनाव घ्या. उच्चारी अक्षरे तीन : कु, ऱ्हा, डे. पहिल्या पद्धतीने साठवले तर क्रमांक आठ. दुसऱ्या व तिसऱ्या पद्धतीने नऊ. तिन्ही नावे छापून शेजारी शेजारी ठेवली तर पोस्टमनला फरक कळणार नाही. संगणकाला मात्र ती तीन वेगवेगळी माणसे वाटतात.

यावर अर्धा उपाय युनिकोडनेच दिलेला आहे. मजकुराला प्रमाणरूप देण्याची एक क्रिया आहे; तिला नॉर्मलायझेशन म्हणतात. ती चालवली की 'र' अधिक नुक्ता यांचा एकच 'ऱ' होतो. परंतु अदृश्य जोडचिन्हाची तिसरी पद्धत या क्रियेने बदलत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र बदल लिहावा लागतो : जेथे 'र', पायमोड व जोडचिन्ह असे ओळीने येतील तेथे 'ऱ' व पायमोड घाला.

गेल्या उन्हाळी सुटीत एका सहकारी पतसंस्थेच्या सभासद-यादीची तपासणी करण्याचे काम मला मिळाले होते. त्यापूर्वी कोणीतरी त्या यादीतून 'नको असलेली अदृश्य चिन्हे' सरसकट काढून टाकली होती. हेतू चांगला होता. अदृश्य चिन्हांमुळे शोध अडतो, हे खरेच आहे. पण त्या झाडलोटीत जोडचिन्हेही गेली आणि 'कुऱ्हाडे' चे 'कुर्हाडे', 'गोऱ्हे' चे 'गोर्हे' होऊन बसले. लाभांशाच्या यादीशी ही नावे जुळेनात. गंमत अशी की दोन सख्ख्या भावांपैकी एकाचे नाव सापडे आणि दुसऱ्याचे नाही. कारण ती नावे दोन वेगळ्या कळफलकांवर टंकलेली होती. त्यांपैकी धाकटे काका खिडकीशी येऊन म्हणाले, "पासबुकात हाय की वो माझं नाव, मग मशिनात कसं न्हाई?" प्रश्न अगदी रास्त होता. यादीची जुनी प्रत सुदैवाने शिल्लक होती, म्हणून जोडचिन्हे कोठे कोठे होती ते कळले आणि नावे पूर्ववत करता आली. ती प्रत नसती, तर मूळचे 'र्ह' कोणते आणि बिघडलेले कोणते, हे एकेका पासबुकावरून ठरवावे लागले असते.

असेच आणखी एक जोडपे 'ॲ' चे. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आले, क्रमांक २४१८. त्यापूर्वी लोक 'अ' वर चंद्र देऊन ते लिहीत आणि आजही पुष्कळ जण तसेच लिहितात. 'ॲडव्हान्स' हा शब्द त्यामुळे दोन प्रकारांनी साठवलेला आढळतो, आणि येथेही प्रमाणरूप देण्याची क्रिया मदतीला येत नाही. विसर्गाचीही तीच कथा. 'दिनांक' या शब्दापुढे कोणी विसर्ग टंकतो, क्रमांक २३०७, तर कोणी अपूर्णविराम, क्रमांक ५८. दिसायला दोन्ही दोन ठिपके!

शब्दाची हद्द

आता दुसरी अडचण. समजा, एका मजकुरात 'कर' या शब्दाऐवजी 'टॅक्स' घालायचे ठरवले. सरळ आज्ञा दिली. निकाल काय? 'करार' चा 'टॅक्सार' झाला, 'पाटणकर' यांचे 'पाटणटॅक्स' झाले, आणि 'शेतकरी' चक्क 'शेतटॅक्सी' होऊन रस्त्याला लागला. संगणकाने चूक केली असे म्हणता येणार नाही. 'क' आणि 'र' ओळीने जेथे जेथे आले तेथे तेथे त्याने सांगितलेले काम केले.

यावर जाणकार म्हणतील, शब्दाची हद्द पाहून बदल करा. अशी सोय बहुतेक संगणकभाषांत आहे. पण शब्दाची हद्द म्हणजे काय, हे ठरवताना देवनागरी नेहमीच ध्यानात घेतलेली नसते. पायथन भाषेतील नेहमीच्या शोध-विभागात काना, मात्रा, उकार ही चिन्हे शब्दाचा भाग धरली जात नाहीत. त्यामुळे 'करू' यातील 'र' संपला की शब्द संपला, असे त्याला वाटते. 'आम्ही काम करू' चे 'आम्ही काम टॅक्सू' होते. जावास्क्रिप्ट भाषेत उलट प्रकार. तेथे हद्दीचे चिन्ह फक्त रोमन अक्षरे व अंक ओळखते, म्हणून देवनागरी 'कर' एकदाही सापडत नाही. एकीकडे नको तेथे बदल, दुसरीकडे हवा तेथेही नाही. तेव्हा देवनागरीसाठी हद्द आपणच सांगावी : शोधलेल्या शब्दाच्या आधी किंवा नंतर देवनागरीच्या १२८ जागांपैकी कोणतेही चिन्ह असू नये. पूर्णविरामाचा दंड मात्र याच जागांत असल्याने तो वगळावा लागतो.

आपल्या गावाच्या नावाचेच उदाहरण घेऊ. १ नोव्हेंबर २०१४ रोजी कर्नाटकातील १२ शहरांची इंग्रजी नावे कन्नड उच्चाराप्रमाणे अधिकृतपणे बदलण्यात आली. 'बेळगाव' च्या ठिकाणी 'बेळगावी' आले. कोणते नाव कोणाला प्रिय, हा या लेखाचा विषय नव्हे. प्रश्न एवढाच की एखाद्या फाइलीत असा बदल आज्ञेने केला तर काय होईल? 'बेळगावात' याचे 'बेळगावीात' होईल, जे कोणालाच वाचता येणार नाही. 'बेळगावकर' या आडनावाचे 'बेळगावीकर' होईल. वास्तविक माणसाने आपले नाव बदललेले नाही. जेथे आधीच 'बेळगावी' आहे तेथे 'बेळगावीी' होईल, आणि तीच आज्ञा चुकून पुन्हा चालवली तर शेपूट आणखी वाढेल. चांगल्या बदलाची कसोटी अशी की तो दुसऱ्यांदा चालवला तरी मजकुरात काहीही फरक पडू नये.

शिवाय काही ठिकाणी बदल करताच कामा नये. २००९ सालच्या गुणपत्रिकेवर त्या वेळचे जे नाव छापले आहे, तेच तिच्या नोंदीत राहिले पाहिजे. जुना दस्तऐवज नव्या नावाने पुन्हा लिहिणे म्हणजे जुन्या वर्षाची खातेवही आजच्या शाईने भरण्यासारखे आहे.

हद्दीशी संबंधित अशी आणखी एक खोड सांगतो. एखाद्या तक्त्यात 'जमा' व 'नावे' हे दोन रकाने उलटे पडले आहेत, म्हणून कोणी आधी सर्व 'जमा' चे 'नावे' केले आणि मग सर्व 'नावे' चे 'जमा' केले. परिणाम : सगळेच 'जमा'! अशी संस्था कधी बुडणार नाही, पण तिचा ताळेबंदही कधी जुळणार नाही. दोन पेल्यांतले दूध आणि पाणी अदलाबदल करायचे तर तिसरा रिकामा पेला लागतो. येथेही मजकुरात अन्यत्र कोठेच नसलेली एखादी तिसरी खूण मध्ये वापरावी.

टिंबाचा अर्थ

शोधाच्या प्रगत पद्धतीत काही चिन्हांना विशेष अर्थ दिलेला असतो. पूर्णविरामाचे टिंब म्हणजे 'कोणतेही एक चिन्ह', तारा म्हणजे 'मागचे चिन्ह कितीही वेळा', कंस म्हणजे गट. आता 'रु.' च्या जागी रुपयाचे नवे चिन्ह घालायचे आहे असे समजा. हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारले आणि त्याच वर्षी युनिकोडने त्याला ८३७७ हा क्रमांक दिला. प्रगत शोधात 'रु.' असे नुसते लिहिले तर त्याचा अर्थ 'रु' आणि त्यापुढे काहीही, असा होतो. मग 'रुपये' चे '₹ये' होते आणि 'गुरुवार' चा 'गु₹ार'. वारासकट बाजारभाव! उपाय साधा आहे. टिंब हे टिंबच समजावे म्हणून त्याच्या आधी उलटी तिरकी रेघ द्यावी किंवा प्रगत पद्धत न वापरता साधा शोध वापरावा.

बाइटांचा घोटाळा

क्रमांक ठरले तरी ते फाइलीत कसे लिहायचे, हा वेगळा प्रश्न. आज सर्वत्र रूढ असलेली यूटीएफ-८ ही पद्धत केन थॉम्प्सन व रॉब पाइक यांनी १९९२ साली तयार केली. तीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरी किंवा कन्नड चिन्हाला तीन. 'क' हे अक्षर २२४, १६४, १४९ अशा तीन बाइटांत लिहिले जाते. 'कुऱ्हाडे' या आठ क्रमांकांच्या नावाला २४ बाइट लागतात. नावाच्या रकान्यात २० बाइटांचीच जागा ठेवली असेल, तर आपले नाव मध्येच, तेही एखाद्या चिन्हाच्या पोटात, तुटते.

देवनागरीचा प्रत्येक क्रमांक २२४ पासून सुरू होतो आणि त्याचा दुसरा बाइट १६४ किंवा १६५ असतो. अशी फाइल जुन्या पाश्चात्त्य संकेताने उघडली तर प्रत्येक बाइटाचे वेगळे चिन्ह दिसते. २२४ म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए, १६४ म्हणजे चलनाचे सर्वसाधारण चिन्ह आणि १६५ म्हणजे जपानी येन. म्हणून पडद्यावर पुन्हा पुन्हा तोच ए आणि मागोमाग चलनाचे चिन्ह दिसू लागले, तर समजावे की मजकूर शाबूत आहे, फक्त चुकीच्या चष्म्यातून पाहिला जात आहे. फाइल काही न साठवता बंद करावी आणि यूटीएफ-८ निवडून पुन्हा उघडावी. येथे एकेक विचित्र चिन्ह शोधून त्याजागी मराठी अक्षर घालीत बसणे हा व्यर्थ खटाटोप होय.

पण मजकुराच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे दिसली तर गोष्ट गंभीर आहे. देवनागरीला जागा नसलेल्या संकेतात फाइल साठवली गेली आणि प्रत्येक चिन्हाऐवजी ६३ क्रमांकाचे प्रश्नचिन्ह खरोखरच लिहिले गेले, असा बहुधा त्याचा अर्थ असतो. पहिला प्रकार चुकीच्या खात्यावर पडलेल्या रकमेसारखा, तो दुरुस्त होतो. दुसरा प्रकार जळालेल्या पावतीसारखा. मूळ प्रत नसेल तर इलाज नाही.

८९६ चा पूल

आपल्या अंकाच्या दोन विभागांना जोडणारी एक मौजेची गोष्ट येथे सांगितली पाहिजे. इस्कीने भारतीय लिपींना एकाच साच्यात बसवले आणि युनिकोडने तो साचा कायम ठेवला. त्यामुळे देवनागरी अक्षराच्या क्रमांकात ८९६ मिळवले की त्याच अक्षराचा कन्नड क्रमांक मिळतो. 'क' २३२५, कन्नड 'क' ३२२१. 'ळ' २३५५, कन्नड 'ळ' ३२५१. दोन भाषांचे सख्य मोजता येईल असे मला कधी वाटले नव्हते!

तथापि केवळ बेरीज करून मराठी यादीची कन्नड यादी करू जाल तर फसाल. कन्नडमध्ये 'ए' आणि 'ओ' यांचे ऱ्हस्व व दीर्घ असे दोन दोन प्रकार आहेत. मराठीतला एकुलता 'ए' बेरजेने नेहमी दीर्घाच्याच जागी जातो. 'बेळगावी' हे नाव कन्नडमध्ये ऱ्हस्व एकाराने लिहितात, म्हणजे आपल्या गावाचे पहिलेच अक्षर चुकते. 'डॉक्टर' मधील अर्धचंद्राच्या कान्याला कन्नड बाजूस जागाच नाही. तेथे रिकामी चौकट येते. आणि आपला 'ऱ' जातो तो हळेगन्नडातील एका जुन्या अक्षरावर, जे आजच्या लेखनात वापरात नाही. पूल आहे, पण पलीकडच्या काठावर माणूस उभा असावा लागतो.

थोडक्यात नियम

वरील विवेचनावरून काढलेले काही नियम मित्रांच्या उपयोगासाठी देतो.

पहिला : बदलापूर्वी फाइलीची प्रत तारखेसह ठेवावी. हीच आपली पावती.

दुसरा : फाइल कोणत्या संकेतात आहे ते ठरवून मगच उघडावी.

तिसरा : जो शब्द सापडत नाही त्याचे क्रमांक पाहावेत. पायथनमध्ये 'ऑर्ड' ही आज्ञा एका चिन्हाचा क्रमांक सांगते. डोळ्यांवर विसंबू नये.

चौथा : मजकुराला आणि शोधशब्दाला, दोघांनाही एकच प्रमाणरूप द्यावे. 'ऱ' व 'ॲ' यांची दुरुस्ती वेगळी करावी. अदृश्य चिन्हे सरसकट काढू नयेत.

पाचवा : आधी फक्त शोधावे, मोजावे आणि यादी वाचावी. ३७ जागा सापडल्या तर ३७ बदलल्या का, ते पाहावे. मात्र तेरीज जुळली म्हणजे हिशेब बरोबर असतोच असे नाही, हे आपण पुस्तपालनात शिकतो; म्हणून बदललेल्या ओळींपैकी काही मुद्दाम वाचून पाहाव्यात.

सहावा : माणसांची नावे आणि जुने दस्तऐवज यांना सरसकट आज्ञा लावू नये. तेथे एकेक नोंद पाहून बदल करावा आणि कोणी, केव्हा, काय बदलले ते लिहून ठेवावे.

हे सारे वेळखाऊ आहे, हे मान्य. पण यादीतील प्रत्येक ओळीमागे एक माणूस असतो, आणि आपले नाव आपल्याला हवे तसे लिहिलेले असावे एवढीच त्याची अपेक्षा असते. आपल्या भागातील माणसाचे नाव तर मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन लिपींतून फिरते. तेव्हा दोन्ही विभागांतील मित्रांनी एवढे अवश्य करावे : संगणकासमोर बसण्याची संधी मिळताच आपल्या नावाचे क्रमांक एकदा पाहून घ्यावेत. पुढे कोठल्या खिडकीवर 'तुमचे नाव नाही' असे उत्तर मिळाले, तर नाव कोठे बिघडले ते दाखवून देता येईल.